एक्कावन्नच्या वहीतल्या बाया

पूर्वज शोधायला निघालं की पूर्वज दर खेपेला सापडतोच असं नाही. किस्सा मात्र सापडतो! आमच्याकडे आता इतके साठलेत की घरी तोंड उघडलं की आमचे हे पेपर वर धरतात आणि पेपराआडून म्हणतात, "ऐकलाय." म्हणून म्हटलं, तुम्हाला सांगावेत. तुम्ही तरी कुठं ऐकलेत?

आधी आमची चौकडी सांगते. रत्नाताई आमच्या पुढारी. अमरावतीला दिवाणी वकिली करतात, शेती तिवशाकडे, आणि भाषा अशी अस्सल वऱ्हाडी की पुण्याहून आलेल्या माणसाला वाटावं, बाई भांडते आहे. सुमनकाकू भिक्षुकाच्या घरातल्या, मोडी घडाघडा वाचतात आणि बोलताना एक अनुस्वार इकडचा तिकडे होऊ देत नाहीत. नसीमआपा अकोल्याच्या, उर्दू शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. आणि चौथी मी, गणिताची रिटायर्ड मास्तरीण. माहेर अमरावती, सासर अकोला, त्यामुळे दोन्हीकडे चहा हक्कानं मिळतो!

*

हे सगळं सुरू झालं ते रत्नाताईंच्या मोठ्या भावामुळे. त्यांनी हौसेनं घराण्याची वंशावळ तयार केली. सात पिढ्या! मोठ्ठा कागद, चौकोन, रेघा, सगळं कॉम्प्युटरवर. घरातले सगळे वाहवा करत होते. रत्नाताईंनी चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत कागद वाचला.

"दादा, आपल्या घराण्यात सात पिढ्या निस्ते बाप्येच पैदा झाले काय?"

"मंजे?"

"मंजे याइले जन्म कोनं देल्ला? का पराटीवानी वावरातच उगवले?"

दादा बिचारे म्हणाले, "अवं, सातबाऱ्यावर बायांची नावं नसतात. मी कोठून आनू?"

दुसरा कुणी असता तर तिथंच गप्प बसला असता. रत्नाताई घरी आल्या आणि आठवत बसल्या, की बाईचं नाव लिहिलेला जुना कागद आपण कधी पाहिलाय का. आणि आठवलं! कुठल्याशा वारसाच्या केसमध्ये एक वही त्यांच्या हाताखालून गेली होती. एक्कावन्न साली जनगणना झाली तेव्हा घराघरातल्या माणसांची नावं गावागावाच्या वहीत उतरवून ठेवली होती. नाव, वय, लग्न, लिहिता-वाचता येतं का, पोट कशावर भरतं. काही गावांच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या, काहींच्या कुठं गेल्या कुणाला ठाऊक नाही. पण काही उरल्या आहेत.

"सातबारा जमिनीची वही हाये," रत्नाताई आम्हाला म्हणाल्या. "हे मानसाची हाये. ज्याले वीतभर जमीन नाई थोही तिच्यात हाये, पाळन्यातलं पोट्टंही हाये. आन् बाईही हाये!"

झालं! दुसऱ्याच आठवड्यात आम्ही चौघी रेकॉर्ड रूमच्या दारात.

*

पहिल्या दिवशीचा संवाद मला जशाचा तसा पाठ आहे. खिडकीतले साहेब अर्ज वाचून म्हणाले, "जुनी नोंदवही कशासाठी पाहिजे, मॅडम?"

रत्नाताई म्हणाल्या, "आजीसाठी."

साहेबांना वाटलं, म्हातारी बाहेर ताटकळत उभी असेल. भला माणूस. खुर्चीवरून उठत म्हणाले, "मग त्यांना आत बसवा ना! कुठे आहेत आजी?"

"थेच तर पाह्याचं हाये!"

*

एका दुपारी कागदांच्या जुन्या गठ्ठ्यावर नसीमआपांना उर्दूत एक शब्द लिहिलेला दिसला. त्यांनी वाचला, "मर्दुमशुमारी. याने, जनगणना."

रत्नाताई भडकल्याच. "पाहा! नावातच मर्द! मंग बाया कोठून सापडतीन?"

नसीमआपांनी रुमालानं शांतपणे बोटं पुसली. "रत्ना, मर्दुम म्हणजे मर्द नाही. मर्दुम म्हणजे लोग."

"लोग?"

"हां, लोग. उसमें तू भी आती, मैं भी आती. आता लिहिणाऱ्याला लोग म्हटलं की फक्त आपला बापच दिसला, तो लफ्ज़ बेचारा क्या करेगा?"

 

*

आता वासुदेवरावांचं ऐका. तिवशाचे, शाळेतून निवृत्त झालेले, साधे सरळ गृहस्थ. आजोबांचं नाव सूर्यभान. आजोबांचा कुठंच कागद नाही, म्हणून रत्नाताईंकडे आले. गावाची वही निघाली, पान निघालं, घरही निघालं. आजीचं नाव सरस्वती, बरोबर. पोरांची नावं बरोबर, थोरल्या-धाकट्याचा क्रमही बरोबर. आणि कुटुंबप्रमुख म्हणून नाव? दिनकर!

वासुदेवरावांचा चेहरा उतरला. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "ताई, मंजे... आजीचं दुसरं लगन झालं होतं काय? आमाले कोनं सांगतलंच नाई."

आम्ही तिघी एकमेकींकडे बघायला लागलो. रत्नाताईंनी मात्र भलताच प्रश्न विचारला.

"भाऊ, तुमची आजी आजोबाचं नाव घे काय?"

"छ्या! जुनी बाई. नाव काय, 'सूर्य'सुद्धा नाई म्हने कधी. सूर्यग्रहन लागलं तर 'दिवसाले गिराहन लागलं' म्हने!"

रत्नाताईंनी टेबलावर हात आपटला. "सापडला तुमचा आजा!"

झालं असेल ते असं. मास्तर जनगणनेची वही घेऊन दारात आला. घरात आजी एकटी. मास्तर विचारतो, नवऱ्याचं नाव काय? आजी पदराआडून आकाशातल्या सूर्याकडे बोट दाखवते. मास्तर शिकलेला, जरा जास्तच शिकलेला. त्यानं लिहिलं, दिनकर!

मीही जनगणनेच्या ड्युटीवर फिरलेली आहे, त्यामुळे मला शंकाच वाटली नाही. एका घरात एक बाई मला नवऱ्याचं नाव सांगेना. शेवटी म्हणाली, "उखान्यात घेतो, लेहून घ्या." आणि उखाणा आठवेपर्यंत मी दारात उभी!

रत्नाताईंनी नुसत्या तर्कावर सोडलं नाही. गावात दिनकर नावाचा दुसरा कुणी बाप्या आहे का म्हणून अख्खी वही पालथी घातली, पोरांच्या शाळेचे दाखले मागवून बापाचं नाव पडताळलं. दाखल्यांवर सूर्यभानच. वासुदेवरावांनी नकलेची घडी घातली, खिशात ठेवली, आणि उठता उठता म्हणाले,

"आजीनं जन्मभर आजोबाचं नाव घेतलं नाई. आन् तिच्यापायी सरकारनंही घेतलं नाई!"

*

सुमनकाकूंचं वय हा आमच्यातला नाजूक विषय. काकू किती वर्षं सत्तरीच्या आतबाहेर आहेत, ते मी गणिताची असून मला सांगता येणार नाही. त्यांचं माहेर भातकुलीकडचं. एकदा त्या भागातलीच वही समोर होती आणि काकू मोठ्या कौतुकानं वडिलांचं घर शोधत होत्या. सापडलं! वडील, आई, आजी, काका...

आणि खाली, स्वच्छ अक्षरात: सुमन, मुलगी, वय एक.

काकूंनी पान उलटायला हात घातला, पण रत्नाताईंचा अंगठा आधीच पानावर होता.

काकू म्हणाल्या, "हे बघ रत्ना, त्या काळी वयं अंदाजे लिहीत असत. तूच तर सांगतेस नेहमी!"

"लेहत ना काकू, अंदाजेच लेहत," रत्नाताई म्हणाल्या. "पन पोट्टं जन्माच्या आंधी नाई लेहत!"

पण काकूंचा मोठेपणा बघा. सगळ्यांत आधी त्याच हसल्या. पुढच्या वाढदिवसाला त्यांनी सुनेला सांगून केकवर खरा आकडा घालून घेतला, आणि आलेल्या प्रत्येकाला सांगत होत्या, "माझ्या वयाला आता सरकारी पुरावा आहे. तुमच्या आहे का?"

*

अकोल्याच्या डॉ. मीनल नसीमआपांच्या ओळखीच्या. बाळंतपणाचं मोठं हॉस्पिटल आहे त्यांचं. त्यांच्या हॉलमध्ये आजोबांचा फोटो आहे. फेटा, मिशा, हातात काठी, असा करारी की पाहुणा आधी फोटोला नमस्कार करेल आणि मग घरातल्या माणसांना! डॉक्टर अभिमानानं सांगायच्या, "आजोबांनी घर वर काढलं. आणि कमावणारी बाई म्हणाल तर आमच्या घराण्यात मी पहिली."

त्यांच्या मूळ गावाची वही मिळाली. त्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलेलं असे की हा माणूस स्वतःच्या कमाईवर जगतो, की दुसऱ्याच्या. आजोबांच्या नावापुढे लिहिलं होतं, आश्रित. आणि आजीच्या नावापुढे, स्वावलंबी. धंदा, सुईण.

डॉक्टरांना ते फोनवर कसं सांगायचं, यावर आमची मीटिंग झाली! शेवटी आपा म्हणाल्या, "सच है तो सच है," आणि आम्ही सगळ्या त्यांच्या घरीच गेलो. डॉक्टरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग वडिलांना हाक मारली. वडील थकलेले, काठी टेकत बाहेर आले. डॉक्टर म्हणाल्या, "बाबा, आजी बाळंतपणं करायची?"

बाबा म्हणाले, "करे ना. पंचक्रोशीत तिच्याच हातचे पोट्टे. तुले काय वाटलं, डाक्टरकी तुह्यात कोठून आली?"

"मग आजवर सांगितलं का नाही?"

"तू कधी आजीचं इचारलंच नाई. तुले फोटोतल्याचंच कौतुक."

डॉक्टरांकडे आजीचा एकच बारीकसा फोटो होता, कुणाच्यातरी लग्नातला, गर्दीतला. तो त्यांनी मोठा करून आणला. भिंतीवर लावायला माणूस आला. त्यानं विचारलं, "जुना उतरवू का?"

डॉक्टर म्हणाल्या, "आजोबांना उतरवू नका. जरा सरकवा!"

*

आता एक माझ्या घरचा. माझ्या सासूबाई अकोल्याच्या घरी दुपारी पेपर घेऊन माझ्यासमोर बसायच्या. "वाच वं सूनबाई, मले कोठं वाचता येते!" मग मी शाळेतून आल्या आल्या, चहाचा कप बाजूला ठेवून, पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत सगळं वाचायची. मध्ये मध्ये त्यांची टिप्पणी चालायची. पुढाऱ्यांबद्दलची तर इथं लिहिण्यासारखी नाही! त्या जाईपर्यंत आमचा हा परिपाठ चालला.

मागच्या वर्षी त्यांच्या गावची वही हातात आली. नव्यानं लग्न होऊन आलेली मुलगी, नाव बरोबर, घर बरोबर. आणि पुढे लिहिलेलं, लिहिता-वाचता येते.

मला वाटलं, मास्तरची चूक. संध्याकाळी नणंदेला फोन केला, "अहो वन्सं, एक गंमत झाली. आईंना वाचता येतं असं लिहिलंय!"

वन्सं म्हणाल्या, "येत होतं गं. माझी पत्रं तीच वाचायची. तुला सांगू नको म्हणाली होती."

"अहो, पण का?"

"म्हणायची, 'दिवसभर शाळा, मंग सैपाक, मंग वह्या. थे पेपर वाचाले बसली म्हंजे तेवढी तरी एका जागी बसते, चहा गरम पेते, माह्याशी बोलते.'"

मी फोन ठेवला. आमच्या ह्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "काही नाही. पेपर द्या इकडे."

*

रत्नाताईंच्या वंशावळीचं काय झालं, ते राहिलंच. आजीचं नाव मिळालं, पणजीचं मिळालं, दोन चुलत पणज्या मिळाल्या. त्याच्या मागे मात्र वही जात नाही. सुमनकाकूंनी मोडी कागद चाळले, आपांनी उर्दू. आणखी एक नाव हाती लागलं आणि मग सगळंच थांबलं.

रत्नाताईंनी दादांच्या कागदावर प्रत्येक बाप्याशेजारी एक एक चौकोन काढून घेतला. नाव असलेल्यांत नाव लिहिलं. बाकीच्या सगळ्या चौकोनांत एकच ओळ लिहिली: नाव माहीत नाही, पण होती.

दादा वैतागले. "रिकामे चौकोन कायले छापतं? कागद वाया!"

रत्नाताई म्हणाल्या, "रिकामे नाईत थे, दादा. त्याइच्यात बाया बसेल हायेत. मले नाव नाई माहीत, म्हून उठवू काय त्याइले?"

दादांनी छापलं. वर घराण्याच्या मेळाव्यात स्वतः उभं राहून वाचूनही दाखवलं. त्या ओळीपाशी आले की दर वेळी थांबायचे, आणि बसलेल्या सगळ्या बायका मिळून म्हणायच्या, "होती!"

*

आणि आता हा किस्सा धामणगाव रेल्वे या गावचा.

शरदराव रत्नाताईंचे कॉलेजातले मित्र, धामणगावला धान्याचा व्यापार. त्यांच्या आईचं वय ऐंशीच्या घरात, नाव गोदावरी. हे सासरचं नाव, माहेरचं चंद्रभागा. आजींचं म्हणणं असं की आपल्या पाठीवर एक भाऊ होता, नामदेव. "म्या त्याले कडेवर घेऊन गावभर हिंडो," त्या सांगायच्या. तो लहानपणीच गेला. पुढची भावंडं नंतर झाली, त्यांनी त्याला पाहिलेलं नाही. आईबापांनी पुन्हा कधी त्याचं नाव घरात काढलं नाही. त्यामुळे ती भावंडं म्हणायची, "अक्काले सपन पडलं असन." ती भावंडंही आता राहिली नाहीत. आजी मात्र दर पितृपक्षात एक पान जास्त मांडायला सांगायच्या, आणि घरात दर वर्षी कुरबुर व्हायची. कुणाच्या नावानं? नव्हताच कुणी!

शरदरावांनी अर्ध्या थट्टेत रत्नाताईंना सांगितलं, "पाह्य बरं वं एकदा तुह्या त्या वहीत. नसन तर तसं सांगून देऊ. म्हातारीचं मन तरी मोकळं होईन."

आजींच्या माहेरच्या गावची वही कडेकडेनं वाळवीनं खाल्लेली होती. पण त्यांच्या घराचं पान शाबूत होतं. रत्नाताईंनी ते पाहिलं. शिक्क्याची नक्कल काढून घेतली आणि आम्हा तिघींना म्हणाल्या, "चाला. फोनवर सांगाचं नाई हे."

सकाळची वेळ. आजी पोर्चमध्ये बसून सुपात तूर पाखडत होत्या. कानांनी जरा कमी ऐकू येतं. शरदराव, त्यांची बायको, सून, सगळे जमले. आजींना वाटलं, या नेहमीच्या पाहुण्या, चहा पिऊन जातील. त्यांनी सूप काही खाली ठेवलं नाही.

रत्नाताई समोर उभ्या राहिल्या आणि शाळेत हजेरी घ्यावी तशा मोठ्यानं वाचायला लागल्या.

"कुटुंबप्रमुख, किसन. त्याची बायको, पार्वती. चंद्रभागा, मुलगी, वय सहा."

"ओ!"

सुपातून मान वर न करताच आजींनी ओ दिली होती! आम्ही सगळ्या हसलो. नातसून तर टाळ्या वाजवायला लागली. आजी लाजल्या, तोंडाला पदर लावला. लग्नानंतर त्या नावानं त्यांना हाक कुणी मारली होती?

मग रत्नाताईंनी पुढची ओळ वाचली.

"नामदेव, मुलगा, वय दोन."

हसणं थांबलं. शरदरावांनी पोर्चच्या खांबाला हात टेकला. त्यांची बायको सासूबाईंकडे बघायला लागली. आजी रडल्या नाहीत, "म्या सांगत नव्हतो?" असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले, आणि खुर्चीच्या हाताला धरून उभ्या राहिल्या.

"पुन्ना वाच."

रत्नाताईंनी त्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं.

"नामदेव."

आजींनी पदर कमरेला खोचला, कडेवर पोर घेतल्यासारखा एक हात कमरेवर ठेवला, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या,

"ओ."